डावा पुढचा

“शूऽऽ,” लोहोकरे सरांनी ओठांवर बोट ठेवलं आणि ते ओढ्याच्या काठाशी उकिडवे बसले. “कुणी पुढे यायचं नाही. श्वाससुद्धा हळू घ्या. पहाटे ती इथे पाणी प्यायला आली होती.”

माझी सातवीची पोरं जागच्या जागी थांबली. एरवी यांना गप्प बसवता बसवता माझा घसा बसतो, आणि या गृहस्थाने नुसत्या बोटावर गप्प केलं. समोर ओल्या मातीत ठसे उमटले होते. पुढे चार बोटं, मागे तीन पाळ्यांची गादी, नखांची खूण कुठे नाही. एकामागे एक असे ते थेट पाण्यापर्यंत गेले होते.

“बिबट्या आहे का सर?” अनुजा खोपडेने हळूच विचारलं.

“बिबट्याची मादी. आम्ही तिला राणी म्हणतो,” सर म्हणाले. “आणि या डोंगरावर बिबट्या आहे हे पहिल्यांदा कुणी शोधून काढलं, माहितीय? तुमच्यासमोर बसलेल्या या म्हाताऱ्याने.”

असं म्हणून त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि हसले. माणसाचा निगरगट्टपणा बघा. मीही हसले. माझ्या हसण्याचं कारण वेगळं होतं, ते त्यांना अजून कळायचं होतं.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. मी निवृत्त झाले, गुडघे गेले, डोळ्यांची ऑपरेशनं झाली. लोक म्हणतात वय झालं की राग निवतो. माझा काही निवला नाही, आणि मी तो निवू दिला नाही. काही राग जपून ठेवायचे असतात, असं माझं मत आहे, आणि ते कुणाला पटलं नाही तरी माझं काही अडत नाही.

तर राग कशाचा, ते सांगते. त्या डोंगराच्या पायथ्याच्या गावात, भोरच्या पलीकडे, मी पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायचे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की जी येतील त्या पोरांना घेऊन मी ओढ्यावर जायचे. काचेच्या बरण्या, चहाची गाळणी आणि एक फुटका आरसा, एवढीच आमची प्रयोगशाळा. दगड उचलायचा, खालचे किडे बघायचे, दगड होता तसा परत ठेवायचा. असल्या उद्योगाला तेव्हा शिबिर वगैरे कुणी म्हणत नसे. “निगडे बाई पोरांना चिखलात घेऊन जातात,” एवढंच म्हणत.

भाद्रपदातल्या एका शनिवारी हेमांगी मळेकर नावाच्या मुलीने मला लांबून हाक मारली. “बाई, इकडे या. हे कुत्र्याचं नाही. याला नखंच नाहीत.”

मी गेले, आणि माझ्या अंगावर काटा आला. बिबट्याच होता. पुढच्या पायाचा ठसा गोल, मागच्या पायाचा जरा लांबट, डावा वेगळा, उजवा वेगळा, जसं जनावर चाललं तसं सगळं मातीत लिहिलेलं. हेमांगीने एकेक ठसा बोटाने दाखवून मला डावा-उजवा सांगितला. मी शिकवलं होतं खरं, पण मी शिकवलं होतं ते शाळेच्या मांजरावर. शाळेत पोरं पिटाळून चित्रकलेच्या सरांच्या कपाटातलं प्लास्टर आणलं. ते एकाच ठशापुरतं निघालं. सगळ्यांत चांगला ठसा डाव्या पुढच्या पायाचा होता, त्यात ओतलं. साचा ओला असतानाच त्याच्या पाठीवर काडीने कोरायची पद्धत असते, तशी मी तारीख कोरली, ओढ्याचं नाव कोरलं, ‘डावा पुढचा’ असं कोरलं, आणि ज्याने ठसा पहिल्यांदा पाहिला त्याचं नाव घालायचं म्हणून हेमांगीचं नाव कोरलं. संध्याकाळी असा पाऊस झाला की ओढ्याने बाकीचे सगळे ठसे धुऊन नेले.

लोहोकरे तेव्हा शाळेचे उपमुख्याध्यापक होते, आणि संस्थेचे लाडके. डोंगराच्या उतारावर संस्थेने वसतिगृहाची इमारत काढली होती. वरच्या मजल्याचा स्लॅब पडायचा होता, आणि पुण्याच्या पालकांना जाहिराती गेल्या होत्या. तिथे बिबट्या निघाला म्हटल्यावर कोण आपलं पोर पाठवणार? सोमवारी ते प्रयोगशाळेत आले, साचा उलटसुलट करून बघितला, आणि म्हणाले, “बाई, हे माझ्याकडे राहू दे. संस्थेत दाखवतो.”

मला वाटलं, कौतुक करायला नेतायत. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला त्यांनी शिपायाकरवी एक घमेलं मागवलं. त्यात ओली माती होती. सगळ्या शाळेसमोर त्यांनी माझा साचा त्या मातीत दाबला, उचलला आणि घमेलं तिरपं करून पोरांना दाखवलं. मातीत बिबट्याचा छान ठसा उमटला होता.

“असा तयार होतो तुमच्या बाईंचा बिबट्या,” ते म्हणाले.

शाळा हसली. मी पुढे झाले, म्हटलं, “सर, ओढ्यावर चारही पायांचे ठसे होते, हा एकाचाच आहे.” त्यांनी मला हाताने थांबवलं आणि हेमांगीला पुढे बोलावलं.

“बाईंनी तुला काय सांगायला सांगितलं होतं?” त्यांनी विचारलं.

“काही नाही सर. मी बघितलं,” हेमांगी म्हणाली. पोरीचा आवाज कापत होता, पण तिने शब्द बदलला नाही. “चार पाय होते. चारही वेगळे होते.”

“चार पाय होते,” सर तिची नक्कल करत म्हणाले, आणि शाळा आणखी जोरात हसली. मग तिला सगळ्यांसमोर ‘मी खोटं बोलले’ असं म्हणायला लावलं. ती म्हणेना. प्रार्थना संपून तास सुरू झाले तरी ती तिथेच उन्हात उभी होती. त्यानंतर पोरं तिला बिबटी म्हणायला लागली. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आली नाही. मी घरी गेले, तर तिचे वडील दारातच म्हणाले, “शिकायची तेवढी शिकली, बाई. आता आणखी हसं नको.” पोरगी आत चुलीपाशी होती, बाहेर आली नाही. उन्हाळ्यात मी राजीनामा टाकला आणि सासवडला दुसऱ्या शाळेत लागले. त्या गावात मात्र माझी ओळख खोटे ठसे करणारी बाई अशीच राहिली. माझं मी सोसलं असतं. त्या पोरीचं मला सोसवलं नाही.

वर्षं गेली. एके दिवशी आमच्या मुख्याध्यापिका पाठारे मॅडमनी स्टाफरूममध्ये एक रंगीत पत्रक टेबलावर ठेवलं. ‘डोंगरमाथा निसर्ग शिबिर. मुलांनो, या मातीत हात घाला! बिबट्याच्या पाऊलखुणा हमखास!’ खाली लोहोकरे सरांचा फोटो, डोक्यावर टोपी, गळ्यात दुर्बीण. ते वसतिगृह काही चाललं नव्हतं. वर पाणीच चढेना म्हणे. मग निवृत्तीनंतर सरांनी तीच इमारत चालवायला घेतली होती. तेव्हा बिबट्या नडत होता, आता लागत होता.

पत्रकात मातीतल्या ठशाचा एक फोटो होता. त्यातलं तिसरं बोट किंचित बाहेर वळलेलं होतं. त्या बोटाच्या खळग्यात मी स्वतः प्लास्टर ओतलं होतं. दुसऱ्या फोटोत दुसरा वर्ग होता, दुसरा ऋतू होता, आणि ठसा तोच. तिसऱ्यातही तोच. मी चष्मा पुसून परत परत बघितलं.

“काय हो निगडे बाई, चांगलं वाटतंय ना?” पाठारे मॅडमनी विचारलं.

“फारच चांगलं,” मी म्हणाले. “सातवीला मीच घेऊन जाते.”

मग मी कामाला लागले. शाळेच्या मैदानावर काळू नावाचं एक कुत्रं असायचं, त्याला बिस्किटं टाकून टाकून ओल्या मातीवरून चालवलं. मांजरं झाली, शेळ्या झाल्या. ठशावर काच ठेवून स्केचपेनने तो कसा उतरवून घ्यायचा, डावा-उजवा कसा ओळखायचा, पुढचा-मागचा कसा, दोन पावलांतलं अंतर कसं मोजायचं, सगळं घोटून घेतलं. पोरं इतकी तयार झाली की घरी अंगणात आजोबांच्या चपलांची मापं काढायला लागली. लोहोकऱ्यांबद्दल मात्र मी चकार शब्द काढला नाही. कुणाच्या कानात काही भरवायचं नव्हतं मला. एका पोरीच्या तोंडून खरं निघालं तेव्हा ज्याने तिचं हसं केलं, त्याचं नाक पोरांच्याच तोंडून कापलं जायला हवं होतं, चारचौघांत, त्याच ओढ्यावर. मला एवढंच हवं होतं, आणि ते मला फार हवं होतं.

पाठारे मॅडम आणि आम्ही बसमधून उतरलो तेव्हा सर फाटकाशीच उभे होते. मला बघून क्षणभर चपापले, मग लगेच हात जोडले.

“अरे, निगडे बाई. किती वर्षांनी,” ते म्हणाले. “मॅडम, या आमच्या जुन्या सहकारी बरं का. या, आधी चहा घेऊ.”

चहा घेताना माझ्याजवळ खुर्ची ओढून ते हळू आवाजात म्हणाले, “झालं गेलं विसरायचं, बाई. तेव्हा माझाही नाइलाज होता. संस्थेचं दडपण होतं.”

“मी कुठे काय म्हणतेय,” मी म्हणाले.

“नाही, तुमचा स्वभाव मोठा आहे.”

“कोण म्हणतं?” मी म्हणाले, आणि चहा संपवला. त्यांना ती थट्टा वाटली.

तर आता ओढ्यावर. ठसे बघून पोरांचे डोळे विस्फारले होते. सर प्लास्टरची पिशवी उघडत म्हणाले, “आता प्रत्येकाला राणीचा ठसा घरी न्यायला मिळणार आहे. रांग करा.”

“सर, आधी मुलांनी थोडी मापं घेतली तर चालेल का?” मी विचारलं. “सोबत काचा आणल्यायत त्यांनी.”

“मापं कशाला बाई? शाळेतून सुटून आलीयत बिचारी. गंमत करू द्या.”

“घेऊ द्या की सर,” पाठारे मॅडम म्हणाल्या. “मला सांगत होती पोरं बसमध्ये, फार हौस आहे त्यांना.”

मॅडमच बोलल्या म्हटल्यावर सरांना नाही म्हणता येईना. मी गट पाडून दिले होतेच. एकेका ठशापाशी तिघं-चौघं बसली. कुणी काच धरली, कुणी स्केचपेन, कुणी टेप. इरफान मुजावरचं अक्षर वर्गात सगळ्यांत वळणदार, म्हणून निरीक्षणं लिहायचं काम त्याच्याकडे. तो पॅड मांडीवर घेऊन दगडावर बसला आणि एकेक गट त्याला ओरडून सांगायला लागला.

“पहिला. पुढचा पाय. डावा.”

“लिहिलं.”

“दुसरा. पुढचा पाय. डावा.”

“तो उजवा असेल. नीट बघ,” इरफान म्हणाला.

“नीटच बघितलं. डावाच आहे. तिसरा पण डावा आहे.”

“आमचा पण डावा,” पाण्याजवळच्या गटातून आवाज आला.

मी हाताची घडी घालून एका उंबराच्या झाडाला टेकून उभी होते. तोंडातून अवाक्षर काढत नव्हते. सर आधी हसत होते. मग त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि माझ्याकडे बघितलं. या वेळी हसले नाहीत.

अनुजाने दोन काचा उचलल्या, एकावर एक ठेवल्या आणि उजेडात धरल्या. दोन्हींवरची चित्रं एकावर एक अशी बसली की रेघेला रेघ लागली. तिने तिसरी काच ठेवली. तीही बसली.

“बाई,” ती म्हणाली, “हा एकच ठसा आहे. सगळीकडे तोच आहे.”

“म्हणजे ती एका पायावर उड्या मारत गेली,” कुणीतरी म्हणालं, आणि पोरं खिदळायला लागली. एकाने एक पाय वर धरून लंगडी घालून दाखवली. काय सांगू तुम्हाला, इतक्या वर्षांपूर्वी शाळा हसली होती तो आवाज माझ्या कानांतून त्या दिवशी निघून गेला.

पण लोहोकरे म्हणजे काय साधं पाणी होतं? त्यांनी एकदम टाळी वाजवली.

“शाब्बास,” ते म्हणाले. “शाब्बास पोरांनो. मी याचीच वाट बघत होतो. आजवर एवढ्या शाळा आल्या, एकालाही कळलं नाही. ही तुमची परीक्षा होती, आणि तुम्ही पास झालात.”

पाठारे मॅडमचा चेहरा खुलला. “अय्या, किती छान पद्धत आहे,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या. मग पोरांनी वाजवल्या. मला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. इतकी वर्षं मनात घोळवलेला डाव, आणि हा माणूस पायाखालून सतरंजी ओढावी तसा काढून घेत होता. मी उंबरापासून पुढे आले.

“वा सर, मानलं तुम्हाला,” मी म्हणाले. “मग आता तो साचा पण दाखवा ना मुलांना. कसा उमटवतात, कळू दे त्यांना.”

“तो इथे नाहीये. खोलीवर असेल.”

“तुमच्या पिशवीत बघा की.”

“दाखवा ना सर,” पोरं म्हणाली. “साचा दाखवा, सर. आम्ही पण उमटवणार.”

पोरं एकदा मागे लागली की कुणाच्या बापाला ऐकत नाहीत. एकाने तर पिशवीच त्यांच्या पुढ्यात आणून ठेवली. सरांनी आत हात घातला आणि टॉवेलात गुंडाळलेला साचा बाहेर काढला. वरून व्हार्निशचा हात दिला होता, तडे बुजवले होते, कडांना चिखल तसाच होता. मी तो हातात घेतला आणि उलटा केला. पाठ घासून गुळगुळीत केली होती. तारीख गेली होती, ओढा गेला होता, ‘डावा पुढचा’ गेला होता, आणि पोरीचं नाव गेलं होतं. डोक्यात अशी तिडीक गेली की तो साचा तिथल्या तिथे त्यांच्या टाळक्यात घालावा असं वाटलं. पण पोरं बघत होती. मी तो पाठारे मॅडमच्या हातात दिला.

“सर,” मी म्हणाले, “आधीच्या शाळांच्या मुलांना हे परीक्षेचं शेवटी सांगता का तुम्ही?”

“सांगतो. म्हणजे, वेळ मिळाला तर.”

“त्यांनी ठसे घरी नेले ते?”

पाठारे मॅडमनी साच्याकडे बघितलं, मग पत्रकातलं ‘हमखास’ त्यांना आठवलं असावं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. “म्हणजे हे असं चाललंय होय,” त्या म्हणाल्या. टाळ्या थांबल्या. पोरांनाही कळलं की परीक्षा वगैरे काही नव्हती. कुणीतरी ‘फसवलं’ असं म्हणालं, जरा मोठ्यानेच. सर मान खाली घालून टॉवेलाची घडी घालत बसले.

मी पोटभर बघून घेतलं. चांगलं वाटलं मला. कशाला खोटं बोलू.

मग अनुजाने विचारलं, “बाई, म्हणजे इथे बिबट्या कधी नव्हताच का?”

“आहे गं, आहे,” सर घाईघाईने म्हणाले. “ठसे नसले आज म्हणून काय झालं?”

“मग तिचे खरे ठसे कुणी बघितले होते?” इरफानने विचारलं. “तुम्ही?”

सरांनी माझ्याकडे बघितलं. मीही नजर हलवली नाही. मला आता याचा शेवट हवा होता.

“सांगा सर,” मी म्हणाले. “नाहीतर मी सांगते. आणि मी सांगायला लागले तर प्रार्थनेच्या घमेल्यापासून सांगेन.”

ते दगडावर खाली बसले. म्हातारे झाले होते. मला तेव्हा पहिल्यांदा ते म्हातारे दिसले, पण दया काही आली नाही.

“मी नाही बघितले,” ते म्हणाले. “तुमच्या बाईंनी बघितले होते. खूप वर्षांपूर्वी.”

“एकट्या मी?”

“एक मुलगी होती. तिने पहिल्यांदा बघितले.”

“तिचं नाव?”

“हेमांगी,” ते म्हणाले.

“आडनाव?”

त्यांना आठवेना. मी वाट बघितली. सगळी पोरं वाट बघत होती. मग मीच सांगितलं, “मळेकर.”

“मळेकर,” ते म्हणाले. “त्यांनी चारही पायांचे ठसे बघितले होते. हा साचा त्यातलाच, खरा. मला माहीत होतं तो खरा आहे. तरी मी सगळ्या शाळेसमोर सांगितलं की बाईंनी खोटे ठसे केले. मुलीला खोटारडी ठरवलं. वसतिगृह चालायला हवं होतं.” मग माझ्याकडे वर बघून म्हणाले, “झालं समाधान, बाई?”

झालं होतं. ज्या तोंडाने त्यांनी आमचं नाव घालवलं होतं, त्याच तोंडून ते परत काढून घेतलं होतं मी. हेमांगीला कसं कळवायचं, तिचं सासर कुठे, कुणाला विचारायचं, हे सगळं डोक्यात सुरू झालं. इरफान खाली मान घालून भराभर लिहीत होता. सरांचं बोलणं त्याने शब्दन्‌शब्द उतरवून घेतलं होतं.

लिहून झाल्यावर त्याने एकदा वाचलं आणि पेन्सिल कानावर ठेवून विचारलं, “सर, पण हे खरं कशावरून?”

“म्हणजे?” सर म्हणाले.

“म्हणजे मघाशी तुम्ही म्हणालात राणी पहाटे आली होती. मग म्हणालात परीक्षा होती. आता हे म्हणताय.”

पोरं हसली. सरांनी माझ्याकडे बघितलं. त्या ओढ्यावर तेवढी एकच गोष्ट खरी होती, ती आम्हा दोघांनाच माहीत होती, आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

“खरं आहे ते,” मी म्हणाले. “मी होते तिथे.”

“हो बाई,” अनुजा म्हणाली. तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. आठवडे न् आठवडे मीच तिला तसं विचारायला शिकवलं होतं. “पण पुरावा काय आहे?”

पाठारे मॅडमही माझ्याकडे बघत होत्या, हातात साचा धरून. माझा साचा. त्याच्यावर आता कुठल्या पोराने विश्वास ठेवायचा होता? पाठ कोरी होती, आणि त्याने काय करता येतं ते सगळ्यांनी नुकतंच बघितलं होतं. बाकीचे ठसे ओढ्याने केव्हाच नेले होते.

“नाहीये,” मी म्हणाले.

इरफान थोडा घुटमळला. मला वाईट वाटू नये असं त्याला वाटत असावं. मग त्याने कानावरची पेन्सिल काढली.

“मग सरांचं शेवटचं बोलणं खोडू का, बाई?”

लोहोकरे दगडावरून अर्धवट उठले होते. बहुतेक ‘नको’ म्हणणार होते.

“खोड,” मी म्हणाले.

इरफानने दप्तरातून पट्टी काढली आणि एकेका ओळीवर सरळ रेघ मारली.